वाचणारीने लिहायचे नाही

कडुलिंबाला मोहर आला की मी पर्समध्ये दोन निळी पेने टाकते. त्यांच्या शेजारी माझ्या बारावीच्या सर्टिफिकेटची झेरॉक्स, चार घड्या घातलेली. सूनबाई दरवर्षी हसते. "आई, साठीला आलात तुम्ही. आता कोण विचारणार आहे बारावी?" मी नुसते हूं म्हणते. आमच्या पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, तोंडाशी टेटीवाल्याची, खरबुजांची, लारी लागते. समोरच्या घरात सकाळी मोहराचा कडू रस काढतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला बळेबळे अर्धा पेला पाजतात. दुपारी रस्ते ओस पडतात, आणि विद्यापीठाच्या परीक्षा सुरू होतात. मला स्वतःला कुठलीच परीक्षा नाही, पण पर्समधली पेने मी पुन्हा पुन्हा तपासते.

आमचे घराणे शिपायांचे. पणजोबा बडोदे संस्थानच्या फौजेत होते, आजोबा होते, आणि वडिलांच्या वेळी फौजही गेली नि संस्थानही गेले, तेव्हा वडील एका कारखान्यात लागले. शिक्षणाचे वारे आमच्या घरात जरा उशिराच शिरले, आणि माझ्यापर्यंत पोचले तोवर माझे लग्न ठरले होते. बारावीचा निकाल लागला त्याच महिन्यात मी शिर्क्यांची सून होऊन घडियाळी पोळीत आले. पुढे शिकायचे राहिले ते राहिलेच. याचे मला वाईट वाटत नसे असे मी पुष्कळ वर्षे सगळ्यांना सांगत आले.

आणि गंमत अशी की चाळिशी उलटल्यावर हेच अर्धवट शिक्षण कामाला आले. आमच्या पोळीतल्या महिला मंडळात एक बाई आल्या आणि म्हणाल्या, दृष्टी नसलेली मुले-मुली कॉलेजच्या परीक्षेला बसतात, त्यांची उत्तरे लिहायला माणसे हवीत. पण अट अशी, की लिहिणारा परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा. नाहीतर तो आपल्याच डोक्यातले लिहील. मंडळातल्या पदवीधर बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा माझी बारावी कोणाला तरी नेमकी पुरेशी होती.

त्या दिवसांत बडोद्यात हे काम करणाऱ्या संस्था पुष्कळ होत्या, पण ज्याची त्याची चूल वेगळी. आम्ही बायका पोळीत बसून पुस्तके वाचून दाखवायचो. लहरीपुऱ्यातल्या एका ट्रस्टच्या वाचनालयात देसाईभाई नावाचे निवृत्त ग्रंथपाल पुस्तकांचे रेकॉर्डिंग करून घ्यायचे. पाणीगेटकडे जिग्नेश नावाचा एक उत्साही तरुण होता, त्याचे युवक मंडळ रक्तदानापासून पतंगाच्या दोऱ्यात अडकलेल्या पक्ष्यांपर्यंत सगळे करी आणि परीक्षेच्या दिवसांत लेखनिकही पुरवी. परिणाम काय, तर समाजशास्त्राचे एकच पुस्तक तिघांनी तीनदा वाचलेले असायचे आणि इतिहासाच्या पुस्तकाला कोणी हातही लावलेला नसायचा. एका मुलाला दोन लेखनिक, दुसऱ्याला एकही नाही. शेवटी कोणीतरी म्हणाले, एकत्र बसू या.

ती पहिली बैठक मला अजून जशीच्या तशी आठवते. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, पंखा कुरकुरतोय, खाली लहरीपुऱ्याचा बाजार ओरडतोय, आणि आम्ही सेवाभावी माणसे दीड तास भांडतोय ते बॅनरवर कोणाचे नाव आधी यावे यावर. देसाईभाईंचे म्हणणे, ट्रस्ट जुना. जिग्नेशचे म्हणणे, माणसे आमची जास्त. मी म्हटले, बॅनरच नको. त्यावर दोघेही पहिल्यांदा एक झाले आणि माझ्यावर तुटून पडले. पण त्या भांडणातून वाटणी मात्र झकास झाली. आमच्या मंडळाने वाचायचे, ट्रस्टने रेकॉर्डिंग आणि कागदपत्रे सांभाळायची, लेखनिक ट्रस्टने आणि युवक मंडळाने द्यायचे. परीक्षार्थींना केंद्रावर पोचवायला मोहितेकाका तयार झाले. काका माझ्या माहेरच्या नात्यातले, रेल्वेतून निवृत्त, त्यांची जुनी गाडी त्यांच्याइतकीच खोकायची. आणि सगळ्यांचे फोन एकमेकांना करून मेळ घालायचा, हे माझ्याकडे आले. का, तर म्हणे शैलाबेनना कोणी नाही म्हणत नाही.

त्याच बैठकीत मी एक नियम सुचवला. ज्याने परीक्षार्थीला पुस्तक वाचून दाखवले, त्याने त्याचा पेपर लिहायचा नाही. वाचणाऱ्याला उत्तर माहीत असते, त्याचा हात आपोआप पुढे धावेल. उद्या कोणी बोट दाखवले तर या मुलांनी स्वतः मिळवलेले गुणही खोटे ठरतील. वाचणारा एका संस्थेचा, लिहिणारा दुसऱ्या संस्थेचा. देसाईभाईंनी टेबलावर थाप मारली. "आ वात साची!" नियम एकमताने ठरला. मला त्या नियमाचा फार अभिमान होता.

हंसा माझ्याकडे आली ती याच वाटणीतून. वय बत्तीसच्या आसपास. एकोणिसाव्या वर्षी तापात डोळे गेले होते. मधली इतकी वर्षे भावाच्या घरात भाजी निवडण्यात घालवून मग एक दिवस तिने ठरवले की बी.ए. व्हायचे. ती गुजराती बोलायची, मी मराठीत उत्तर द्यायची. बडोद्यात याला कोणी भाषांतर म्हणत नाही. पुढे पुढे तिने माझे मराठी उचलले आणि मी तिचे गुजराती, आणि दोघींचेही धड काही राहिले नाही.

आठवड्यातून तीन दुपारी ती यायची. मी स्वयंपाकघरातच वाचायची, कारण कामाला सुट्टी नव्हती. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डाव. हंसा पाटावर भिंतीला टेकून बसायची, डोळे मिटून, जणू उघडे ठेवले तर लक्ष उडेल. काही लिहून घेत नसे. सगळे आवाजावर लक्षात ठेवायची. मी कुठे खोकले, कुठे फोडणी चुरचुरली, कुठे दारावर इस्त्रीवाला आला, या खुणांवर तिचे पुस्तक बेतलेले होते. मी विचारले, जमीन महसुलाच्या पद्धती कुठे येतात, तर ती म्हणायची, "कुकरच्या तिसऱ्या सिटीनंतर." आणि खरेच, मी ते पान वाचायला घेतले तेव्हा कुकरची तिसरी शिटी झाली होती. त्यानंतर ती पूर्ण पान म्हणून दाखवायची. मला हसू यायचे आणि अंगावर काटाही यायचा.

एकदा तिने विचारले, "शैलाबेन, तुम्ही तीन वर्षं सगळी पुस्तकं वाचली. परीक्षा का नाही देत?"

"माझं वय झालं ग."

"मला दिसत नाही तरी मी देते. तुम्हाला दिसतं तरी नाही देत." मग हसून म्हणाली, "माझं झालं ने, की तुमचा फॉर्म मी भरवणार. मी सांगणार, तुम्ही पाठ करायचं."

मी तिला वेडी म्हटले. पण त्या संध्याकाळी भाकरी थापताना मी स्वतःशी पदवीदान समारंभातला काळा झगा घालून पाहिला, हे आज कबूल करते.

तिच्या मागे घाई होती. अंध मुलींच्या एका वसतिगृहशाळेत शिक्षिकेची जागा निघणार होती. तिथल्या मोठ्या बाईंनी हंसाला मुलींना गोष्टी सांगताना ऐकले होते, त्यांनी शब्द टाकला होता. पण पदवीचा निकाल त्या उन्हाळ्यात हातात हवा, आणि वयाची अट पस्तिशीची. हंसाला चौतीस पूर्ण झाली होती. म्हणजे ते तिसरे वर्ष, तो चैत्र, तोच एक. जागा मिळाली असती तर राहायला खोली मिळाली असती. भावाच्या घरात तिला कोणी वाईट वागवत नव्हते, पण तिथे तिच्या हातात सदैव कोणाची तरी भाजी असायची. ती म्हणायची, "एक दार असावं, जे मी आतून बंद करीन."

आता इथे आमच्या सभ्यपणाची गोष्ट सांगायला हवी, कारण घात त्यानेच केला.

आदल्या वर्षी असे झाले होते की एका परीक्षार्थी मुलासाठी दोन्हीकडून लेखनिक आले. दोघी मुली एकाच वेळी केंद्राच्या फाटकाशी हजर. ट्रस्टची मुलगी आत गेली, जिग्नेशची मुलगी उन्हात दोन बस बदलून आलेली, ती रडत परत गेली. जिग्नेशला फार लागले. देसाईभाईंनाही नंतर लाज वाटली. पुढच्या बैठकीत दोघांनी एकमेकांची इतकी माफी मागितली की चहा गार झाला. तेव्हापासून सगळेच फार जपून वागू लागले. पहिले तमे, पहिले तुम्ही; ना ना, पहिले तमे. आम्ही भांडत होतो तोवर काम चोख होते, कारण भांडणारा माणूस आपली वस्तू हातात घट्ट धरून असतो. हे मला तेव्हा कळले नाही. मला वाटले, आता आपण खरे एक झालो.

हंसाचे आधीचे सगळे पेपर सुरळीत गेले. शेवटचा इतिहासाचा, तो काही कारणाने दोन दिवस पुढे गेला. तिची ठरलेली लेखनिक बहिणीच्या लग्नाला गावी गेली. मी बुधवारी दुपारी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिले, गुरुवारी साडेदहा, हंसाबेन, इतिहास, लेखनिक हवी. पाच मिनिटांत देसाईभाईंचे उत्तर आले, आमची मुलगी तयार आहे. लगेच जिग्नेशचे, आमचीपण तैयार छे. मला इतके बरे वाटले! एक मागितली, दोन मिळाल्या.

संध्याकाळी देसाईभाईंचा फोन आला. "शैलाबेन, या वेळेला जिग्नेशभाईची मुलगी जाऊ दे. मागच्या वेळी त्यांच्या मनाला खोटुं लागलं होतं. आता त्यांचा मान." मी म्हटले, मोठे मन तुमचे. फोन ठेवला. त्याच सुमारास पाणीगेटला जिग्नेश आपल्या मुलीला सांगत होता की तू राहू दे, देसाईभाई वडील माणूस, त्यांच्या मुलीला जाऊ दे. आणि त्याने हे कोणालाच कळवले नाही. चांगुलपणा करायचा तर त्याचा डंका कशाला, असे त्याला वाटले. हे त्याने मला नंतर सांगितले, मान खाली घालून.

आणि मी? माझ्या हातात फोन होता. जिग्नेशला एकदा विचारावे, तुझी मुलगी नक्की जातेय ना, असे मनात आले होते. त्याचे नाव पडद्यावर काढलेही होते. मग वाटले, विचारले तर त्याला वाटेल मावशीचा विश्वास नाही. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मंडळाचे चैत्रगौरीचे हळदीकुंकू होते, चाळीस बायका यायच्या होत्या. मी फोन पर्समध्ये टाकला आणि लहरीपुऱ्यात कैऱ्या घ्यायला गेले.

गुरुवारी सकाळी मी डाळ वाटत होते. हात मनगटापर्यंत पिवळे. साडेदहाला दहा मिनिटे कमी असताना मोहितेकाकांचा फोन आला.

"अगं शैला, इथं कुणी आलेलं नाही."

"येईल काका. जिग्नेशची मुलगी आहे."

"बरं." मग पुन्हा पाच मिनिटांनी, "अगं, सगळी पोरं आत गेली."

मी जिग्नेशला फोन लावला. तो म्हणाला, "मासी, में तो मना करी... देसाईभाईनी छोकरी..." मी देसाईभाईंना लावला. त्यांचा लागेना. लागला तेव्हा ते म्हणाले, "आपली नहीं, जिग्नेशभाईनी." मग दोघेही आपापल्या मुलींना शोधू लागले. एकीचा फोन बंद होता. दुसरी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती, ती निघते म्हणाली, पण तासभर लागणार होता. या सगळ्यात घड्याळ पुढे जातच होते. फोनचा पडदा हळदीने माखला होता आणि बोट उमटत नव्हते.

काकांचा चौथा फोन आला. ते ओरडलेच. "अगं, तूच ये ना! अकराला फाटक बंद करतात. दहा मिनिटांचा रस्ता आहे तुझा!"

मी काय म्हटले ते मला शब्द न शब्द आठवते. "मी कशी येऊ काका? मी वाचलंय. मला चालत नाही."

काकांनी फोन ठेवला. आणि मी, डाळीचा गोळा हातात धरून, चांगली चार-पाच मिनिटे उभी राहिले. मी त्या वेळी धावले नाही. जो नियम मी स्वतः केला होता, तो मला दरवाजासारखा आडवा आला, आणि तो लोटला तर उघडेल हे मला सुचले नाही. सुचले तेव्हा मी तशीच, पिवळ्या हातांनी, चपला उलटसुलट घालून पोळीबाहेर पळाले. रिक्षात बसल्यावर आठवले, सर्टिफिकेट कपाटात राहिले.

पोचले तेव्हा अकरा वाजून सात मिनिटे झाली होती. फाटकावर एक साहेब होते, शांत, वयस्कर. मी हात जोडले. मी म्हटले, मी तिची वाचक आहे, म्हणून येत नव्हते, आमचा नियम आहे तसा. ते माझ्याकडे पाहत राहिले. "बेन, असा कुठला नियम? आमच्याकडे असं काही नाही. बारावीचं सर्टिफिकेट दाखवून कोणीही लिहू शकतं. अकरापर्यंत मी वाट पाहिली. तुम्ही आला असतात तर मी बसवलं असतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

फाटकाबाहेर वडाखाली बाकावर हंसा बसली होती. मांडीवर पॅड, पॅडवर हॉल तिकीट, त्यावर दोन पेने समांतर ठेवलेली. पाय जुळवलेले. मोहितेकाका गाडीला टेकून दुसरीकडे पाहत होते. मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले.

तिने मान वर केली. "शैलाबेन? तुमच्या हाताला कैरीचा वास येतो." थोडे थांबून विचारले, "डाळ झाली?"

मी तिला घरी आणले. दुसरे काय करणार होते? हळदीकुंकू थांबवता येत नव्हते. बायका आल्या, कोणी गौरीचे गाणे म्हटले, कोणी हंसाच्या हातात पन्ह्याचा पेला दिला, डाळीची वाटी दिली. ती भिंतीला टेकून तिच्या नेहमीच्या पाटावर बसली होती. मंडळातल्या बायकांना ती ठाऊक होती. एकीने अगदी मायेने विचारले, "काय हंसाबेन, आज शेवटचा होता ना? कसा गेला पेपर?"

मी वाटी भरत होते.

"सारो गयो," हंसा म्हणाली. छान गेला. आणि डाळीचा घास तोंडात घालून म्हणाली, "मस्त झालीय डाळ."

त्यानंतरच्या बैठकीत मला वाटत होते, कोणीतरी ओरडावे. माझ्यावर ओरडावे, एकमेकांवर ओरडावे, खुर्ची आपटावी. पण सगळे अतिशय चांगले वागले. देसाईभाई म्हणाले चूक माझी, जिग्नेश म्हणाला ना ना, माझी. दोघांच्याही डोळ्यांत पाणी होते, आणि खोटे नव्हते. फक्त त्या बैठकीतही चूक एकमेकांकडे सरकत राहिली, मान दिल्यासारखी, आणि शेवटी कोणाच्याच ताटात पडली नाही. मी ती उचलून घरी आणली. तेवढे तरी मला जमायला हवे होते.

हंसाने पुन्हा परीक्षा दिली नाही. सहा महिन्यांनी बसता आले असते, आम्ही फॉर्मही आणला होता. पण ती जागा तोवर भरली होती. मी तिला पुष्कळ समजावले. ती म्हणाली, "जिच्यासाठी द्यायची, ती खोली आता दुसऱ्या कोणाची झाली." मग भावाची बदली भरूचला झाली आणि ती त्याच्याबरोबर गेली. तिने मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाली, "सगळ्यांना वाटलं कोणी तरी येतंय. मला पण वाटलं. मी पण कोणाला फोन नाही केला ने." तिने स्वतःलाही आमच्या ओळीत आणून बसवले. मला ते आजही सहन होत नाही.

आमची साखळी मोडली नाही. उलट वाढली. आता आठ-नऊ संस्था आहेत, कॉम्प्युटरवर तक्ता आहे, रकाने आहेत, हिरवा रंग म्हणजे झाले, लाल म्हणजे बाकी. नवी पोरे हुशार आहेत. तरी प्रत्येक पेपरच्या आदल्या दिवशी मी प्रत्येक लेखनिकाला स्वतः फोन करते, आणि सकाळी पुन्हा करते, घरातून निघालीस का म्हणून. पोरे वैतागतात. जिग्नेशचे केस आता कानापाशी पांढरे झालेत, तोसुद्धा मागच्या आठवड्यात म्हणाला, "मासी, विश्वास नथी के?"

"नाही," मी म्हटले. त्याला कळले असावे.

आणि पेपरांच्या दिवशी मी फाटकाबाहेर त्या बाकावर जाऊन बसते. दोन पेने, सर्टिफिकेट. वर वड, त्याच्या पारंब्यांना मुलांनी नवसाचे दोरे बांधलेले. मोहितेकाका आता नाहीत; त्यांच्या पुतण्याकडे ती गाडी आहे आणि ती अजून खोकते. आतापर्यंत चार वेळा मला आत जावे लागले. चारही मुलांना मी ओळखत नव्हते. मी लिहिले, त्यांनी सांगितले तसे, चुकीचे सांगितले तर चुकीचे.

वाचायचे मात्र मी सोडून दिले. त्या दिवसानंतर मी कोणालाही पुस्तक वाचून दाखवलेले नाही. मंडळातल्या बायकांना वाटते माझी नजर कमी झाली.

या वर्षी सूनबाईने एक फॉर्म आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. बाहेरून बी.ए. करण्याचा. तिने कुठूनतरी ऐकले असणार. "आई, भरा ना. तुम्हाला किती आवडतं शिकायला. मी आहे मदतीला." चांगली मुलगी आहे. दोन दिवस तो फॉर्म तिथेच होता, वर मिठाची बरणी ठेवलेली. मी येता-जाता बघत होते. नाव, पत्ता, शेवटची उत्तीर्ण परीक्षा. हा भरला आणि खरेच पास झाले, तर त्या बाकावर बसायचा माझा हक्क जाईल. बी.ए.चा पेपर लिहायला बी.ए. झालेली बाई चालत नाही, हा नियम तर आमचा नव्हे, खुद्द विद्यापीठाचाच.

काल सकाळी हंसाचा फोन आला. दर चैत्रात एकदा येतो. भरूचला ऊन किती, बडोद्यात किती, भावाची मुलगी कितवीत, टेटी गोड निघाली का. मग ती नेहमीचे विचारते.

"फॉर्म भर्युं, शैलाबेन?"

"तू भर. मग मी भरते."

"ना, पहिले तुम्ही."

"पहिली तू."

दोघी हसलो. मग दोघींनाही आपण काय बोलतो आहोत ते कळले. गॅसवर कुकर होता. मी तो विसरले होते. शिटी झाली. मी उठले नाही. दुसरी झाली. फोनवर ती श्वास घेताना ऐकू येत होती. तिसरी झाली.

"जमीन महसूल," हंसा म्हणाली.

आणि ती सांगू लागली. पान जिथे सुरू होते तिथून. इतक्या वर्षांनंतर, एक शब्द न चुकता. पण म्हणून दाखवायची तशी भराभर नव्हे. एक वाक्य सांगायची, थांबायची. पुन्हा एक वाक्य, पुन्हा थांबायची. लेखनिकाला सांगतात तसे. असे ती त्या सकाळी आत बसून सांगणार होती.

मिठाची बरणी बाजूला सरकवून मी फॉर्म ओढला, आणि पर्समधले पेन काढले.

"लिहिताय?" तिने विचारले.

"हो. सांग."

फॉर्मची मागची बाजू कोरी होती. मी तिथून लिहायला सुरुवात केली.